उरलेल्यांची बॅच

फेअरवेलच्या दिवशी प्राचार्य माइकवरून सांगतात, "आता तुम्ही सगळे बाहेरच्या जगात पाऊल टाकणार." टाळ्या पडतात. मागच्या दोन रांगांतून जरा कमी पडतात, कारण तिथं बसलेल्यांना ठाऊक असतं की आपलं पाऊल जुलैत पुन्हा याच गेटातून आत पडणार आहे. कुणाला शेवटच्या सत्राचा पेपर नडलाय, कुणाचं प्रोजेक्ट अडकलंय. ग्रुप फोटोत मात्र सगळ्यांत मोठ्यानं हसणारे तेच असतात. हसणं हा एकच विषय त्यांचा क्लिअर असतो.

जुलै उजाडला की साकीनाका मेट्रो स्टेशनवर ही फाळणी उघड दिसते. गेल्या वर्षापर्यंत चौघं मिळून घाटकोपरची गाडी पकडायचे. असल्फा, जागृतीनगर, घाटकोपर, पुढे लोकलनं विद्याविहार नाहीतर कुर्ला. यंदा त्यातले तिघं उलट्या दिशेला निघालेत, मरोळ-चकाल्याकडे, गळ्यात कंपनीचा पट्टा अडकवून. चौथा एकटाच घाटकोपरच्या गाडीत, पाठीवर तीच सॅक, सॅकमध्ये तेच जर्नल. जून २०१४ मध्ये या मेट्रोनं वर्सोवा आणि घाटकोपर जोडलं. फुटलेली बॅच जोडणं तिच्या कंत्राटात नव्हतं.

मुंबई विद्यापीठाच्या इंजिनीअरिंगमध्ये मागे राहण्याची रीतसर पद्धत आहे. पहिल्या वर्षाचे सगळे विषय सुटल्याशिवाय तिसऱ्या वर्षात प्रवेश नाही, दुसऱ्याचे सुटल्याशिवाय चौथ्यात नाही. राहिलेला एखादा विषय, म्हणजे केटी, घेऊन एक पायरी चढता येते, दुसरीवर ती पाय धरते. त्याला ड्रॉप म्हणतात. ड्रॉपच्या वर्षात पोराला ना लेक्चर असतं, ना प्रॅक्टिकल. फक्त परीक्षा असते. कॉलेजचा विद्यार्थी म्हणावं तर आयकार्डाची मुदत संपलेली आणि माजी विद्यार्थी म्हणावं तर डिग्री नाही. गेटवरचा वॉचमन, ज्यानं त्याला तीन वर्षं रोज सलाम ठोकला, तोच आता विचारतो, "कोणाकडे जायचंय?" प्रश्न साधा आहे. पोराकडे उत्तर नसतं, कारण ज्यांच्याकडे जायचं होतं ते चकाल्याला उतरले.

आपल्याकडे मागे राहिला म्हणजे पोरगं वाया गेलं, असा एक सोयीस्कर समज आहे. तो धरून बसलेल्यांनी साकीविहार रोडनं थोडं पुढे पवईला जाऊन यावं. आयआयटीत चार वर्षांचा बी.टेक.वाला निघून जातो आणि त्याच्याबरोबर आलेला, त्याच विंगमध्ये राहिलेला पाच वर्षांचा ड्युअल डिग्रीवाला मागे उरतो. नापास न होता, प्रवेशाच्या दिवशीच ठरल्याप्रमाणे. विंगी गेले, विंग उरली. पीएच.डी.वाल्याचं तर विचारूच नका. त्याच्या डोळ्यांदेखत दोन-तीन बॅचेस येतात, मेसच्या जेवणाला शिव्या देतात आणि पास होऊन जातात. तो आणि मेस जागच्या जागी.

आता तर सरकारनंच मागे राहण्याला प्रतिष्ठा दिली आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडा, नाहीतर चौथ्या वर्षाला थांबून ऑनर्स करा. मुंबई विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत ही व्यवस्था २०२४-२५ पासून सुरू झाली. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायचं तर यूजीसीच्या चौकटीत आधीच्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण हवेत. बघा काळ कसा बदलतो. आजवर मागे राहायला नापास व्हावं लागायचं, आता डिस्टिंक्शन लागतं. वर्गात एकटं बसण्याची पात्रता वाढवून ठेवली.

आणि ज्यांना वेळेत सुटण्याचा फार अभिमान आहे त्यांनी २०१७ आठवावं. विद्यापीठानं उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचा घाट घातला. १७ लाखांवर उत्तरपत्रिका होत्या. राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत दिली, ती हुकली. निकाल सप्टेंबरपर्यंत रेंगाळले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून जावं लागलं. १६० वर्षांच्या विद्यापीठाला तेव्हा केटी लागली होती. विद्यार्थी मागे राहिला की त्याचं भवितव्य धोक्यात येतं, विद्यापीठ मागे राहिलं की त्याला 'तांत्रिक अडचण' म्हणतात.

तर मुद्दा मैत्रीचा. घरी आई विचारते, "तुझे मित्र हल्ली दिसत नाहीत ते?" शेजारच्या काकू विचारतात, "आता कितव्या वर्षाला?" दोन्ही प्रश्नांना पोराकडे एकच उत्तर असतं, ते म्हणजे कानात इअरफोन.

नवे मित्र कसे होतात, यावर विद्वानांनी डोकं चालवलेलं आहे. अमेरिकेत एमआयटीच्या आवारात युद्धावरून परतलेल्या विवाहित विद्यार्थ्यांची वसाहत होती. लिऑन फेस्टिंगर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी तिचा अभ्यास करून १९५० मध्ये निष्कर्ष छापला, की ज्याचं दार जवळ त्याच्याशी मैत्री जास्त. हे खरं मानलं तर साकीनाका पृथ्वीवरचं सर्वांत प्रेमळ ठिकाण ठरायला हवं. चांदिवलीच्या शेअर रिक्षात मागे तीन आणि ड्रायव्हरच्या मांडीशी चौथा, अशी गुडघ्याला गुडघा लावून माणसं वर्षानुवर्षं जातात. आजवर त्यांच्यात झालेला सर्वांत मोठा संवाद, "जरा सरका."

म्हणजे नुसतं जवळ असून भागत नाही. कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये त्याचा हिशोबच मांडला. ओळखीच्या माणसाचा जेमतेम मित्र व्हायला सुमारे ५० तास, खरा मित्र व्हायला ९० आणि जिवलग व्हायला २०० च्या वर. त्यातली मेख अशी की एकत्र काम करण्यात गेलेले तास फारसे धरले जात नाहीत. उगाच बसण्यात गेलेले धरले जातात. म्हणजे सबमिशनच्या रात्री शेजारी बसून राइटअप उतरवलेत त्याचे गुण कमी आणि नंतर टपरीवर कटिंग घेत सरांची नक्कल केलीत त्याचे जास्त. आपली पोरं लेक्चर बंक करून नेमकं काय कमावत होती, ते कॅन्ससहून कळलं.

आता मागे राहिलेल्याची पंचाईत लक्षात येईल. वेळापत्रकानं त्याला तीन-चार वर्षं फुकट तास पुरवले होते. हजेरीसाठी ७५ टक्के वेळ त्याच चेहऱ्यांसमोर बसावंच लागायचं, त्यामुळे मैत्री आपोआप झाली आणि त्याला वाटलं की ती आपल्या स्वभावामुळे झाली. वेळापत्रक गेल्यावर स्वभाव उघडा पडला.

मग तो दोन मार्गांपैकी एक धरतो. पहिला इतिहासकाराचा. हा कट्ट्यावर ज्युनियर्सना घेरून सांगतो, "आमच्या वेळी असं नव्हतं." आमची वेळ म्हणजे गेला मे महिना. आमच्या वेळचा फेस्ट, आमच्या वेळचे एचओडी, आमच्या वेळचा वडापाव. पोरं ऐकून घेतात, कारण वडापावचे पैसे तोच देत असतो. दुसरा मार्ग अदृश्य होण्याचा. हा टोपी घालून येतो, मागच्या गेटानं शिरतो, फॉर्म भरतो आणि कुणी ओळखायच्या आत नाहीसा होतो. निकालाच्या दिवशी नोटीस बोर्डासमोर उभाही राहत नाही, लांबून फोटो काढतो आणि झूम करतो. पहिला कुणाला बोलू देत नाही, दुसरा कुणाशी बोलत नाही. मित्र दोघांनाही मिळत नाहीत.

ज्युनियर्स वाईट नसतात. ते आदर देतात आणि तिथंच घोटाळा होतो. दादा समोरून आला की हातातली सिगारेट पाठीमागे जाते आणि तिच्याबरोबर गप्पाही पाठीमागे जातात. दादाला नमस्कार मिळतो, बसायला जागा मिळते, व्हायवात काय विचारतात याची चौकशी मिळते. शनिवारी कुठे जायचं ठरलंय, हे मात्र मिळत नाही. मुलगी मागे राहिली तर तिची ताई होते आणि तिचं गणित आणखी अवघड. टपरीवरचे ते मौल्यवान रिकामे तास तिच्या वाट्याला आधीच कमी. त्यात घरी 'शिक्षण कधी संपतंय' याचा पुढचा प्रश्न तयार असतो, स्थळाच्या फोटोसकट. तिला लेडीज कॉमन रूम आणि लोकलचा लेडीज डबा यांवरच हिशोब जुळवावा लागतो. जुळतो मात्र. त्या डब्यात भाजी निवडता निवडता जमलेल्या ओळखी वयाचा दाखला मागत नाहीत.

खरं सांगायचं तर दादाला दादापण आवडतं. सगळं हातचं गेलेलं असताना तेवढी एक बढती मिळालेली असते. ती सोडणं जिवावर येतं. पण सोडल्याशिवाय मित्र नाही. पहिली पायरी अगदी सोपी आहे: "दादा नको, नावानं हाक मार, अरे-तुरे कर." दुसरी कठीण आहे: ज्युनियरला काहीतरी विचारा. सांगू नका, विचारा. लाज वाटत असेल तर एक वस्तुस्थिती लक्षात घ्या. इंजिनीअरिंगचा अभ्यासक्रम २०१२ ला बदलला, २०१६ ला बदलला, २०१९ ला बदलला आणि पुढे नव्या धोरणानं पुन्हा बदलला. तुम्ही ज्या नोट्स प्रसाद वाटावा तशा वाटत फिरता, त्या जुन्या स्कीमच्या आहेत. ज्युनियर त्या नम्रपणे घेतो आणि घरी रद्दीत टाकतो. तिसऱ्या सत्राचा गणिताचा पेपर, एम-थ्री, तुम्हाला दोनदा नडलाय, त्याला पहिल्या फटक्यात सुटलाय. इथं सीनियर नेमका कोण?

तिसरी पायरी म्हणजे अशी जागा शोधा जिथं वर्ष विचारतच नाहीत. कॉलेजात त्या असतात, आपलं लक्ष नसतं. पावसाळ्यात एकांकिकेच्या तालमी सुरू होतात. तिथं दिग्दर्शक बहुतेक वेळा माजी विद्यार्थीच असतो, त्यामुळे मागे राहणं हा गुन्हा नसून परंपरा आहे. अभिनय येत नसेल तर बॅकस्टेजला जा. प्रॉपर्टी उचला, नेपथ्याचे खिळे ठोका. रात्री अकराला ब्लॅकआउटमध्ये टेबल हलवताना दुसऱ्याच्या पायावर टेबल पडलं की ५० तासांचं काम पाच मिनिटांत होतं. एनएसएसचा सात दिवसांचा कॅम्प असतो, तिथं गावात शोषखड्डा खणताना घमेलं कुणी सीनियर म्हणून हातात घेत नाही. आयआयटीत हॉस्टेलांच्या आपसातल्या जीसी नावाच्या स्पर्धा असतात, त्यात पाचव्या वर्षाचा माणूस चालतो, फक्त पळता आलं पाहिजे.

कॉलेजचं तोंडच बघवत नसेल तर वस्तीत बघा. गुरुपौर्णिमेला गोविंदा पथकांचा सराव सुरू होतो. जोगेश्वरीच्या जय जवान पथकानं २०१२ मध्ये ठाण्यात नऊ थरांचा विक्रम केला, तो सगळ्यांनी वर बघून पाहिला. खालचा थर कुणी पाहत नाही. वयानं आणि वजनानं थोराड मंडळी तिथं असतात, खांद्याला खांदा लावून, खाली मान घालून, आणि त्यांच्या पाठीवरून शाळकरी पोर वर जातं. सीनियॉरिटीचा याहून योग्य उपयोग मला माहीत नाही. तिथं कुणी 'आमच्या वेळी' म्हणत नाही, कारण तोंड उघडलं की तोल जातो.

उरले ते चकाल्याला उतरलेले तिघं. त्यांनाही थोडं सुनावलं पाहिजे. त्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप अजून चालू आहे. त्यात सीटीसी, अप्रेझल, मॅनेजरच्या नावानं शिव्या आणि लोणावळ्याचे बेत. चौथा तो ग्रुप म्यूट करून ठेवतो आणि रात्री एकदा सगळं वाचतो. बाबांनो, त्याला 'टेन्शन नको घेऊ, निघेल रे' असं लिहू नका. हॉल तिकिटावर त्याचा उपयोग होत नाही. 'भेटू रे कधीतरी' हे तर त्याहून वाईट. शुक्रवारी संध्याकाळी साकीनाक्याला उतरून थेट घरी जाण्याऐवजी त्याच्याबरोबर चहाला पंधरा मिनिटं थांबा. सगळं बिल तुम्ही भरू नका, निम्मं त्याला भरू द्या. दयेच्या चहाला साखर जास्त पडते आणि तो पिणाऱ्याला कडूच लागतो.

बॅच म्हणजे प्रवेशाच्या तारखेनं लागलेली लॉटरी. कॅपच्या प्रवेशयादीत तुमच्या खाली नाव आलं म्हणून जो रोल नंबरनं शेजारी बसला, तो जिवलग झाला. यादी पुढेमागे झाली असती तर दुसरा झाला असता. इतक्या योगायोगानं एकदा जमलेली गोष्ट दुसऱ्यांदा थोडी खटपट करून जमत नसेल, तर दोष ज्युनियर्सचा नाही.

तेव्हा ५० तासांची सुरुवात या आठवड्यात करा, आणि तेवढ्या नादात केटीचा फॉर्म भरायला विसरू नका. मैत्रीला उशीर झालेला चालतो. परीक्षा विभाग लेट फी घेतो.