केळीच्या सालीवरचं अर्थशास्त्र

व्यंगचित्रांच्या दुनियेतला सगळ्यात म्हातारा विनोद म्हणजे केळीच्या सालीवरून घसरणारा माणूस. केळीची मंडी असलेल्या बऱ्हाणपुरात हा विनोद चालत नाही. तिथे माणूस जपून पाय टाकतो, साल जागच्या जागी असते आणि घसरतो तो भाव.

अमेरिकेत योराम बाउमन नावाचे एक गृहस्थ आहेत. अर्थशास्त्रातली पीएचडी आहे आणि धंदा विनोद करण्याचा. स्वतःला ते जगातला पहिला आणि एकमेव ‘स्टँडअप इकॉनॉमिस्ट’ म्हणवतात. दुसऱ्याने अजून दावा ठोकलेला दिसत नाही, म्हणजे मक्तेदारीच म्हणायची. अर्थशास्त्रज्ञ मॅन्क्यू यांच्या जाडजूड पाठ्यपुस्तकातल्या दहा तत्त्वांची त्यांनी स्टेजवर अशी काही खिल्ली उडवली, की ज्यांना मूळ तत्त्वं पाठ नव्हती त्यांनाही ती हसताहसता कळली. पुढे चित्रकार ग्रेडी क्लाइन यांना जोडीला घेऊन २०१० साली त्यांनी सूक्ष्म अर्थशास्त्राचं अख्खं पुस्तकच व्यंगचित्रांत काढलं. मागणी, पुरवठा, लिलाव, कर, सगळं चित्रांत. मुलं हसतात आणि पासही होतात.

आपल्याकडे हे नवीन वाटायचं कारण नाही. शि. द. फडणीसांनी शाळेच्या गणिताच्या पुस्तकांत चित्रं काढली आणि एका पिढीच्या पोटातला गणिताचा गोळा विरघळवला. अर्थशास्त्राच्या वाट्याला मात्र फडणीस आले नाहीत. त्याच्या वाट्याला ‘आकृतीसह स्पष्ट करा’ आलं. विद्यार्थी पट्टी घेतो, एक रेघ खाली उतरवतो, दुसरी वर चढवतो, जिथे छेदतात तिथे टिंब देतो आणि बाजूला ‘समतोल किंमत’ लिहितो. त्या टिंबावर कोण उभं आहे, हे परीक्षक विचारत नाही आणि पुस्तक सांगत नाही.

माझी तक्रार एवढीच आहे. आलेखाला पोट नसतं. व्यंगचित्राला असतं. व्यंगचित्रकार शेठजी काढतो तेव्हा ढेरी काढतो आणि मजूर काढतो तेव्हा बरगड्या काढतो. आर. के. लक्ष्मण यांच्या चित्रात पुढारी फुगलेला आणि कॉमन मॅन चुरगळलेल्या कोटात, हे उगीच नव्हतं. पुस्तकातल्या आकृतीत मात्र विकणारा आणि घेणारा एकाच जाडीच्या दोन रेघा असतात.

म्हणून मराठीत असं पुस्तक काढायचं झालं तर चित्रकाराला पुण्या-मुंबईत बसवू नका. भुसावळहून खंडव्याच्या गाडीत बसवा आणि रावेर गेलं की बऱ्हाणपूरला उतरायची तयारी करायला सांगा. जिल्हा मध्य प्रदेशातला, पण खानदेशच्या जुन्या नकाशातलं हे मोठं शहर. बाजारात हिंदी, उर्दू, मराठी, निमाडी, गुजराती एकाच वाक्यात ऐकू येतात. घासाघीस मात्र सगळ्या भाषांत सारखीच चालते.

पहिला धडा सोपा ठेवू: घटती सीमांत उपयोगिता. माव्याची जिलेबी मागवा. जाड, काळपट, पाकात मुरलेली. रमझानात मुंबईच्या मोहम्मद अली रोडवर ‘बऱ्हाणपूर’ हे नाव लावूनच ती विकली जाते. पहिलीला डोळे मिटतात. दुसरीला ‘वा’ निघते. तिसरीला पाणी मागावं लागतं आणि चौथी शेजाऱ्याच्या ताटात सरकवताना माणूस एकदम उदार होतो. पुस्तकाला यासाठी दोन पानं लागतात. चित्रकाराला चार चौकटी पुरतात, पैकी शेवटची शेजाऱ्याच्या ताटाची.

दुसरा धडा केळीचा, आणि इथे मात्र घाई करून चालणार नाही.

रोप लावल्यापासून घड कापेपर्यंत वर्षभर जातं. ठिबक, खत, मजूर, वीज, सगळं आगाऊ. वर्षभर शेतकरी पुरवठा ठरवतो असं पुस्तक म्हणतं. घड तयार झाला की मग घड ठरवतो. आज कापा, नाहीतर झाडावरच पिकतो. कापला की आज विका, नाहीतर सडतो. ‘भाव बरा नाही, थांबू’ हे वाक्य सोयाबीनवाला म्हणू शकतो, कापूसवाला घरात गाठोडी रचून म्हणू शकतो. केळीवाल्याला ते म्हणता येत नाही. अर्थशास्त्रात याला अल्पकाळात अलवचिक पुरवठा म्हणतात. समोरचा व्यापारी अर्थशास्त्र शिकलेला नसतो, पण घडाकडे एक नजर टाकली की त्याला ही लवचिकता दशांश चिन्हापर्यंत मोजता येते. म्हणून तो घाई करत नाही. त्याला चहा आवडतो.

बऱ्हाणपूरच्या मंडीत केळीचा लिलाव होतो. इथला भाव काय निघाला याकडे जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलच्या शेतकऱ्याचे कान असतात, कारण शेतात येणारा व्यापारी हा आकडा सोयीप्रमाणे आठवतो किंवा विसरतो. लिलाव ही बाउमन यांच्या पुस्तकातली लाडकी गोष्ट. घेणारे पुष्कळ असले की भाव चढतो. घेणारे मोजके असले आणि तेही सकाळी एकत्र नाश्ता करणारे असले, तर काय होतं हे चित्रात दाखवायला शब्द लागत नाहीत. पाच माणसं, पाच वेगवेगळे चेहरे आणि सगळ्यांचा मिळून एकच हात वर.

मागणीचीही गंमत आहे. श्रावण आला, नवरात्र आलं, रमझान आला, की उपास करणाऱ्या सगळ्या धर्मांचं केळीवर एकमत होतं. देशात असं एकमत दुसऱ्या कशावर होत नाही. मग भाव चढतो. चढलेला भाव पाहून शेजारचाही केळी लावतो, त्याचा मेहुणाही लावतो, आणि पुढच्या हंगामात सगळ्यांचे घड एकाच आठवड्यात मंडीच्या दारात उभे राहतात. भाव कोसळतो. कंटाळून सगळे केळी मोडतात, म्हणजे त्याच्या पुढच्या वर्षी भाव पुन्हा चढणार. १९३४ साली अर्थशास्त्रज्ञ निकोलस काल्डोर यांनी या चक्राला कोळ्याच्या जाळ्याचं नाव दिलं, कारण आलेखावर तसं जाळं उमटतं. जाळं छान उमटतं. त्यात कोळी कोण आणि माशी कोण, हे काढायला व्यंगचित्रकारच लागेल.

आणि पुस्तकाचा तो तळटीपेतला मंत्र: ‘इतर परिस्थिती कायम राहिल्यास’. मे-जूनमध्ये तापीकाठी वारा सुटतो आणि उभ्या बागा दहा मिनिटांत आडव्या होतात. इतर परिस्थितीला हे कोणी कळवलेलं नसतं.

वाऱ्याला राज्याची हद्दही कळत नाही. सीमेच्या अलीकडे जळगाव जिल्ह्यात हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेत केळी आहे. पलीकडे बऱ्हाणपुरातले शेतकरी तसाच विमा आम्हालाही द्या म्हणून वर्षानुवर्षं मागणी लावून धरतात. तोच वारा, तेच वाण, बांधही जवळजवळ तोच. एका आडव्या झाडाला नुकसानभरपाईचा अर्ज, दुसऱ्याला पंचनामा आणि सहानुभूती. अर्थात अलीकडेही सगळं आलबेल नाही. शेतात केळी नसताना केळीचा विमा काढल्याच्या तक्रारी जळगावात गाजल्या आणि प्रकरण उपग्रहाच्या चित्रांवरून पडताळणी करण्यापर्यंत गेलं. विमा मिळाला की माणसाचं वागणं बदलतं, हा सूक्ष्म अर्थशास्त्रातला गंभीर धडा आहे. पण न लावलेली केळी शोधायला अवकाशातून फोटो काढावा लागतो, याहून चांगलं व्यंगचित्र बाउमन यांनाही सुचलं नसतं.

आता केळीकडून यंत्रमागाकडे. बऱ्हाणपुरात हजारो यंत्रमाग आहेत. सतराव्या शतकात ताव्हेर्निये हा फ्रेंच व्यापारी इथून गेला, तेव्हा इथलं तलम कापड इराण, तुर्कस्तान, अरबस्तान, थेट पोलंडपर्यंत जात असल्याचं त्याने लिहून ठेवलं. आज ‘पूर्ण स्पर्धा’ बघायची असेल तर इथे यावं. असंख्य उत्पादक, एकसारखा माल, भाव ठरवण्याची कुणाचीच ताकद नाही. पुस्तकाच्या सगळ्या अटी पुऱ्या. मात्र अनेकांचा हिशेब असा असतो: सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं, आणि मधला माग, खटखट, वीजबिल व कानाचा बहिरेपणा विणकराचा. विणकर एकमेकांशी पूर्ण स्पर्धा करतात. सूत देणारे एकमेकांना नमस्कार करतात.

पूर्ण स्पर्धेच्या उलट टोकाला मक्तेदारी, आणि तिचा धडा देणारं नेपानगरही याच जिल्ह्यात आहे. देशातली वर्तमानपत्री कागदाची पहिली गिरणी इथली; १९५६ साली नेहरूंनी तिचं उद्घाटन केलं. १९८१ पर्यंत असा कागद बनवणारी देशात दुसरी गिरणीच नव्हती. म्हणजे सरकारवर टीका करणारं व्यंगचित्र पुष्कळदा सरकारच्याच कागदावर छापलं जाई, आणि हे सरकारला चाले. पुढे परदेशी कागदावरची बंधनं सैल झाली. ज्या गिऱ्हाइकाला सरकार ठरवेल तो कागद घ्यावा लागे, त्याला बाजार दिसला. २०१६ मध्ये यंत्रं थांबली, कोट्यवधी ओतून २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली. तोवर वर्तमानपत्र वाचणारे मोबाइलमध्ये शिरले होते. स्पर्धा न करण्याची किंमत उशिरा येते, पण व्याजासकट येते.

इथवर हसणं सोपं होतं. पण बऱ्हाणपुरात अर्थशास्त्राचा जो सगळ्यात मोठा धडा घडला त्यावर चित्र काढायला हात धजावा लागतो.

१६३० साली पाऊस गेला. गुजरात आणि दख्खन दुष्काळात होरपळत होते. त्याच वेळी शहाजहान दख्खनच्या मोहिमेसाठी बऱ्हाणपुरात तळ देऊन बसला होता. त्या वर्षी पीटर मंडी नावाचा इंग्रज सुरतेहून आग्र्याकडे निघाला. वाटेत मेलेली माणसं रस्त्यात पडलेली त्याने पाहिली. आणि त्याच वाटेवर धान्य लादलेल्या बैलांचे तांडेही पाहिले. ते बऱ्हाणपूरला, बादशहाच्या फौजेला चालले होते. धान्य नव्हतं असं नाही. धान्य चालत होतं, भुकेल्यांच्या अंगावरून चालत होतं, आणि जिथे रोख मोजणारा होता तिथे थांबत होतं.

पुस्तकातली मागणी म्हणजे इच्छा अधिक ऐपत. नुसती भूक ही मागणी धरली जात नाही. आलेखावर त्या माणसांचं टिंबच पडत नाही. बाजाराच्या हिशेबी ती माणसं आलीच नव्हती. अमर्त्य सेन यांनी १९८१ साली पुराव्यानिशी मांडलं की दुष्काळात माणसं मरतात ती दर वेळी अन्न नसल्यामुळे नव्हे, ते मिळवण्याचा हक्क हातातून गेल्यामुळे. पीटर मंडीने ते साडेतीनशे वर्षं आधी बैलांच्या रांगेत पाहिलं होतं.

शहाजहानचा दरबारी इतिहासकार लाहोरी हाही लपवत नाही. मेलेल्यांची हाडं दळून पिठात मिसळली जात होती, बोकडाच्या नावाने कुत्र्याचं मांस विकलं जात होतं, असं तो लिहितो. भाव चढला की भेसळ वाढते, हा नियम इतका जुना आहे. बादशहाने लंगर उघडले आणि दर सोमवारी पाच हजार रुपये वाटायचा हुकूम काढला. असे वीस सोमवार, एकूण एक लाख. सोमवारच का? कारण तो तख्तावर बसला तो वार. म्हणजे मदतीच्या हप्त्यावर स्वतःचा फोटो छापायची पद्धत आपण समजतो तितकी नवी नाही. तेव्हा छापखाने नव्हते, म्हणून वार छापला.

याच तळावर जून १६३१ मध्ये मुमताज गेली. तिचं कलेवर काही महिने इथल्या बागेत होतं, मग आग्र्याला नेलं. ताजमहाल इथेच व्हायचा होता, पण संगमरवर इतक्या लांब आणणं परवडेना, असं बऱ्हाणपूरकर आजही सांगतात. खरं असो वा नसो, वाहतूक खर्च शिकवायला दंतकथा उत्तम आहे. त्या दोन वर्षांतला दुष्काळ मात्र दंतकथेत नाही, आणि गाइड तिथे गाडी थांबवत नाही.

तेव्हा ज्यांच्या हातात पाठ्यपुस्तकं आहेत त्यांना विनंती आहे. अकरावीच्या मुलांसाठी चित्रांतलं सूक्ष्म अर्थशास्त्र मराठीत काढा. बाउमन यांचं भाषांतर करत बसू नका. अमेरिकन पिझ्झ्याचे तुकडे मोजून आपल्या पोरांना सीमांत उपयोगिता कळणार नाही, जिलेबी मोजून कळेल. रेघा राहू द्या, परीक्षेला लागतात. फक्त प्रत्येक रेघेच्या टोकाला माणूस काढा आणि त्याचं पोट त्याच्या मापाचं काढा. एक पान बैलांच्या तांड्यासाठी ठेवा, त्यावर विनोद नको. आणि चित्रकाराचं मानधन ठरवताना त्याला केळीवाला समजू नका. पैसे आगाऊ द्या.