सवतीच्या गावी

खोपटहून कल्याणला जायचं तर एसटीचा डेपो हाकेच्या अंतरावर आहे, हे कुणाही शहाण्याला दिसतं. आमच्या काकांना मात्र फक्त त्यांची प्रीमियर पद्मिनी दिसायची. मे महिना, भर दुपारचं बारसं आणि गाडीत आम्ही पाच जण.

पहिला मुक्काम सोसायटीच्या पार्किंगमध्येच पडला. चावी फिरवली की नुसतं कट् कट्. पहिल्या मजल्यावरून निदान आलं, "स्टार्टर गेला!" दुसऱ्यावरून, "पेट्रोल आहे का बघा!" काकांनी बॉनेट उघडलं. बॅटरीच्या टर्मिनलवर हिरवट-पांढरी भुकटी साचली होती. वर्षभर तिकडे कोण बघतंय? आधी निगेटिव्हची वायर सोडवली, मग पॉझिटिव्हची. काकूंनी गरम पाण्यात खायचा सोडा कालवून ओतला, फस्सकन फेस आला. पॉलिश पेपरनं घासून, पुसून, वायरी घट्ट आवळल्या आणि गाडी हुंकारली. सोड्याचा डबा मात्र रिकामा झाला, तो विषय पुढे आठवडाभर चालला.

दुसरा मुक्काम, कॅडबरी नाका. चॉकलेटचा कारखाना जवळ, आणि वितळत होतो आम्ही. गाडी ठप्प. एक रिक्षावाला रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, तोच काका ओरडले, "अरे, भाजशील! उकळतं पाणी अंगावर येईल." दुखणं भलतंच होतं. उन्हात पेट्रोलच्या पंपातच वाफ धरते आणि कार्बोरेटर उपाशी राहतो. यात पद्मिनीचा दोष नाही. कार्बोरेटरवाल्या बऱ्याच गाड्या उन्हाळ्यात असा रुसवा धरत. उपाय एकच, पंपावर ओलं फडकं.

"अहो, फडकं कुठाय?" काकूंनी विचारलं. काकांची नजर आहेराच्या पिशवीकडे गेली. बाळाचं मलमलचं दुपटं वॉटरबॅगच्या पाण्यात भिजून पंपावर बसलं.

गाडी निवेपर्यंत आजोबांनी आपलं निदान मांडलं. "हिचं माहेर कुर्ला. नव्वदच्या दशकात प्रीमियरनं कल्याणच्या कारखान्यात फ्रेंच प्यूजो काढली. आता सवतीच्या गावी कुठली बाई हसत जाईल?" शास्त्रीय कारणापेक्षा मला हेच जास्त पटलं.

कल्याणला पोचलो तेव्हा पाळणा म्हणून झाला होता आणि घुगऱ्याही संपल्या होत्या. काकूंनी ओशाळून आहेर पुढे केला. बाळाच्या आत्यानं दुपटं उलगडून हुंगलं, तसे काका घाईनं म्हणाले, "ते नका घालू बाळाला. जाताना लागेल."