पायउतार

मंगल कार्यालयाच्या दारापर्यंत एसी गाडी येऊ शकते, रस्ता डांबरी असतो, ऊन मी म्हणत असतं. तरी नवरदेव मारुतीच्या देवळापासून कार्यालयापर्यंत घोडीवरूनच जाणार. आयुष्यात तो पहिल्यांदाच असा बसलेला असतो, हे लांबूनही कळतं. एक हात खोगिराच्या कडीला गच्च, दुसरा फेट्याला. पुढ्यात एक भाचा, तोही रडवेला. लगाम घोडीवाल्याच्या हातात. कानाशी ताशा, पायाशी फटाक्यांची माळ आणि समोर रस्ता अडवून नाचणारे मित्र. या गदारोळात शांत असते ती फक्त घोडी. मागचा एक पाय किंचित मुडपून ती उभी असते आणि कान तेवढे मागेपुढे फिरवते. नवरदेवाची ही पहिलीच वरात, तिच्या अशा बऱ्याच झालेल्या असतात.

या पाऊण तासात नवरदेव फारसा कुठे पोचत नाही. मित्र रंगात आले की वरात उलट मागेच सरकते. म्हणजे इथे घोडी वेगासाठी आणलेली नसते, ती असते उंचीसाठी. लग्नाला आलेल्या मंडळींनी मान वर करून आपल्याकडे बघावं, ही हौस चार चाकांची गाडी पुरवू शकत नाही. गाडी आठ हॉर्सपॉवरची असो की दोनशे, बसणारा बसतो खालीच.

माणसाला घोड्याने दिलेल्या देणग्या मोजायच्या तर दोनच, वेग आणि उंची. वेगाचं काम यंत्रांनी काढून घेतलं. जेम्स वॅटने घोड्याच्या कामाचा हिशेब मांडून एका हॉर्सपॉवरचं माप ठरवलं, ते आजच्या भाषेत 746 वॉट. ज्याला घरी बसवायचं त्याच्याच नावाचं माप करून ठेवायचं, ही निरोपसमारंभाची फार जुनी रीत असावी. मुंबईत 1874 साली ट्राम आली ती घोड्यांनी ओढलेली. 1907 साली ती विजेवर धावू लागली आणि ट्रामचे घोडे सुटले. उंचीच्या कामाला मात्र अजून बदली मिळालेला नाही.

तसं पाहिलं तर पाठीवर बसण्याच्या कितीतरी आधी माणसाने घोड्याला पोटात घातलं होतं. कझाकस्तानात बोताई नावाच्या ठिकाणी सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत घोड्यांच्या हाडांचा खच मिळाला आणि तिथल्या मडक्यांत घोडीच्या दुधाचे अंश. आजच्या पाळीव घोड्यांचं कूळ मात्र व्होल्गा आणि डॉन नद्यांकडच्या गवताळ मुलखातलं. साधारण 4,200 वर्षांपूर्वी ते तिथून झपाट्याने जगभर पसरू लागलं. एकदा माणूस वर चढला, आणि मग त्याला खाली उतरावंसं वाटेना. चढलेला तो राजा, सरदार, स्वार; न चढलेला तो प्यादा. बुद्धिबळाचा पट बघितला तरी हे कळतं. ही उंची इतकी झोंबणारी की देशात काही ठिकाणी अजूनही दलित नवरदेवाला घोडीवर बसायचं तर पोलीस बंदोबस्त मागवावा लागतो. घोडीची त्याला काही हरकत नसते. तिला सगळ्यांचं वजन सारखंच लागतं.

उंचीची हौस महागही पडते. दख्खनच्या सुलतानांना आणि विजयनगरच्या रायांना उंचापुरा अरबी घोडा हवा असे आणि तो समुद्रावरून गोवा, चौल, दाभोळच्या बंदरांत उतरे. पोर्तुगीजांनी 1510 साली गोवा घेतला, तेव्हा या व्यापाराची किल्लीही त्यांच्या कनवटीला आली. मार्को पोलोने दक्षिणेतल्या राजांबद्दल लिहून ठेवलंय की ते दरवर्षी भरमसाट पैसे मोजून घोडे आणतात आणि त्यांना शिजवलेला भात आणि मांस खाऊ घालतात. घोडे अर्थातच टिकत नसत. पाहुण्याला काय रुचतं हे न विचारता पानात आग्रहाने वाढत राहण्याची आपली सवय इतकी जुनी आहे.

मराठ्यांचं घोडं त्या मानाने बुटकं. भीमेच्या खोऱ्यातलं भीमथडी तट्टू चारचौघांत उठून दिसणारं नव्हे, पण मिळेल तो चारा खाऊन मजल मारणारं आणि घाटात पाय न चुकवणारं. शिवाजी महाराजांच्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. स्वतःचं घोडं आणि हत्यार घेऊन येणारा तो शिलेदार. ज्याला घोडं सरकारी पागेतून मिळे तो बारगीर. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार. महाराजांचा भर पागेवर, कारण घरचं घोडं असलं की स्वाराच्या डोक्यातही थोडं घरचं राज्य शिरतं. हा भेद अजून मोडलेला नाही. हप्त्यांवर गाडी घेतलेले आपण सगळे बँकेचे बारगीर. शेवटचा हप्ता फिटून शिलेदारकी मिळेपर्यंत तट्टू गॅरेजात गेलेलं असतं.

त्या भीमथडी तट्टाचं पुढे काय झालं, ते दिवाळीनंतर घाट उतरणारा धनगरांचा वाडा पाहिला की दिसतं. पाठीवर घोंगड्या, डेगची, जाळी, पाण्याची कळशी, वर पाय बांधून बसवलेल्या दोन कोंबड्या, आणि या सगळ्याच्या मधल्या खळग्यात काल-परवा जन्मलेलं एक कोकरू. धनगर आणि त्याची बायको पायी. ज्या पाठीवरून एके काळी चौथाई वसूल झाली तिथे आता कोकरू बसतं, आणि तेही झोपलेलं. मला तरी ही अधोगती वाटत नाही. इतक्या शतकांत ज्याला खरोखर चालता येत नव्हतं असा स्वार त्या घोड्याला बहुधा पहिल्यांदाच मिळाला.

माणूस पायउतार झाल्यावर घोड्याला बरे दिवस येतात, असं दिसतं. द्रोणपर्वात जयद्रथवधाच्या दिवशी भर रणात घोडे थकले, तेव्हा अर्जुन रथाखाली उतरला. त्याने बाण मारून पाण्याचं तळं केलं, आणि कृष्णाने घोडे सोडून त्यांच्या अंगातले बाण उपटले, त्यांना पाणी पाजलं, खरारा केला. सूर्य मावळायला टेकलेला आणि जगाचा सूत्रधार मोतद्दाराच्या कामात!

मुंबईत काळा घोडा नावाचा चौक आहे. तिथे पुढे सातवा एडवर्ड झालेल्या राजपुत्राचा अश्वारूढ पुतळा होता. 1965 साली तो भायखळ्याला हलवला. राजा गेला, घोडा गेला, तरी पन्नास वर्षं चौकाचं नाव काळा घोडाच. टॅक्सीवाल्याला एडवर्ड सांगितला असता तर त्याने मीटर पाडला नसता. 2017 साली तिथे पुन्हा एक काळा घोडा उभा राहिला, या वेळी पाठ मोकळी ठेवून. आषाढी वारीच्या रिंगणातही ज्याच्यासाठी जीव टांगणीला लागतो तो माउलींचा अश्व रिकाम्या पाठीचा. जरिपटका घेतलेला स्वार दुसऱ्या घोड्यावर. हे अश्व अंकलीच्या शितोळे सरकारांकडून येतात. मोकळा अश्व दौडत गेला की त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला ही झुंबड उडते. स्वाराच्या घोड्याला कोणी नावं ठेवत नाही, पण लोकांचे डोळे मोकळ्या पाठीवर असतात. तिथे माउली आहेत, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

घोडा आज करतो त्यातलं सर्वांत मोलाचं काम तर असं आहे की त्यात पाठीचा संबंधच नाही. सर्पविषाचे अगदी लहान, वाढवत नेलेले डोस त्याला टोचतात. त्याच्या रक्तात विषाशी झुंजणारी प्रतिद्रव्यं तयार होतात. मग थोडं रक्त काढून त्यातून प्रतिविष बनवतात. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं. परळची हाफकिन संस्था हे काम पिढ्यान्‌पिढ्या करत आली आहे. पूनावालांच्या अश्वपैदास केंद्रातले निवृत्त घोडेही या कामी हाफकिनला जात, आणि त्यातूनच 1966 साली पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट निघाली.

भाताच्या खाचरात अनवाणी उतरलेल्या माणसाला फुरसं चावतं, त्याला प्राथमिक आरोग्य केंद्राच्या खाटेवर आडवं करतात आणि सलाईनमधून ते प्रतिविष थेंब थेंब जातं. घोड्यामुळे माणूस उभा राहतो तो असा, आडवा झाल्यावर. घरी परतला की तो डॉक्टरांना नारळ देतो आणि नवस फेडायला जेजुरीला जातो. घोड्याचं नाव कुणी काढत नाही. पण खंडोबा घोड्यावर बसलेला आहे, त्यामुळे देवावर उधळलेल्या भंडाऱ्यातला बराचसा अनायासे योग्य ठिकाणी पडतो.