फडके रोडची सरळ रेषा

नरकचतुर्दशीला पहाटे कारीट फोडायचं, तेल-उटणं लावून अभ्यंगस्नान करायचं आणि अर्धवट ओल्या केसांवर २०० अंशांची इस्त्री फिरवायची, हे डोंबिवलीचं नवं शास्त्र. उजाडता उजाडता फडके रोडवर हजेरी लावायची असते ना! (ठाणेकर हेच करून राम मारुती रोडवर आणि तलावपाळीला जातात, पण स्वतःला वेगळे समजतात.)

ओल्या केसावर तापलेली पट्टी पडली की ‘चर्र’ होतं. ती केसातल्या पाण्याची वाफ. बाहेर पडताना ती केसाच्या दांड्यात बुडबुडे सोडून जाते आणि पुढे केस नेमका तिथेच तुटतो. कोरडा केस थोडं जास्त सोसतो, पण २०० च्या पुढे त्याचंही केराटिन बिघडतं. आणि केस बिचारा मृत, त्याला स्वतःची डागडुजी करता येत नाही.

बरं, एवढं करून मिळतं काय? उष्णतेनं मोडलेले हायड्रोजन बंध दमट हवा लागताच पुन्हा जुळतात. गणेश मंदिर येईपर्यंत निम्म्या बटा मूळपदावर. सेल्फीपुरत्या सरळ होत्या, हेही नसे थोडके. दुपारी फराळाला ‘यंदा केस फार तुटतायत गं’ हा विषय निघेल आणि सगळा दोष टँकरच्या पाण्यावर जाईल.