दहा गुणांचा घाट

डेव्हिड लॉजची १९८४ सालची ‘स्मॉल वर्ल्ड’ ही कादंबरी इंग्रजीच्या प्राध्यापकाने जरा जपूनच वाचावी. तिच्यातले प्राध्यापक परिषदांच्या नावाखाली ॲमस्टरडॅम, टोकियो, होनोलुलू असे विमानाने हिंडतात आणि वाटेत प्रेमातही पडतात. आम्ही चौघे राधानगरी, दाजीपूर करत फोंडाघाट उतरू लागलो तेव्हा विभागप्रमुख मॅडमना गाडी लागली होती आणि भाषाशास्त्राचे सर लिंबू शोधत होते.

निघालो होतो मालवणकडच्या एका कॉलेजात, आंतरराष्ट्रीय चर्चासत्राला. २०१०च्या यूजीसी नियमावलीने पेपरवाचनाला गुण लावून दिले होते: स्थानिक ३, राज्यस्तरीय ५, राष्ट्रीय साडेसात, आंतरराष्ट्रीय १०. त्यानंतर स्थानिक चर्चासत्र भरलेले मी पाहिले नाही.

आंतरराष्ट्रीय व्हायला निदान एक परदेशी माणूस लागतो. ठरलेले नेपाळी पाहुणे येत नाहीत, असे आदल्या रात्री कळले. समन्वयक तरुण होते, डगमगले नाहीत. तारकर्लीला स्कूबा डायव्हिंगसाठी आलेला एक गोरा त्यांनी सकाळी अर्ध्या चड्डीसकट उचलून आणला. हा इंग्लंडातल्या कंब्रियाचा प्लंबर. ‘साक्षात वर्ड्सवर्थच्या मुलखातून आलेले,’ अशी त्याची ओळख करून देण्यात आली. त्यात खोटे काहीच नव्हते. कवी १७७० साली तिकडेच, कॉकरमथला जन्मला. प्लंबरने दीपप्रज्वलन केले. शाल त्याला शोभली. श्रीफळ कुठे ठेवावे हे मात्र शेवटपर्यंत उमगले नाही.

विषय होता उत्तर-वसाहतवाद. प्राचार्यांनी उद्घाटनात होमी भाभांच्या अणुसंशोधनाचा गौरव केला. या विषयातले भाभा वेगळे, हे व्यासपीठावर कुणीच बोलले नाही. प्राचार्य पदोन्नती समितीवरही असतात. मग पाहुणे तीन मिनिटे बोलले: मासळी झकास, पाणी स्वच्छ, माणसे प्रेमळ. दिवसभरात सगळ्यांना समजलेले भाषण तेवढेच.

चहाच्या सुट्टीत त्यांना गराडा पडला, कारण वर्ड्सवर्थच्या कवितेतले डॅफोडिल. महाराष्ट्रात इंग्रजीच्या कित्येक पिढ्यांनी हे फूल न पाहता शिकवले आहे. वर्गात कुणी विचारलेच, तर ‘पिवळे असते’ म्हणून पुढच्या कडव्यावर जायचे. (शेवंतीसारखे, सर? हो, साधारण.) प्लंबरने मोबाइलवर परसातला फोटो काढून दाखवला. मॅडमनी चष्मा पुसून पुन्हा पाहिला. ‘अगंबाई, याला भोंगा असतो!’

दुपारी समांतर सत्रे. आमचे रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत, प्रत्येकी सात मिनिटे. श्रोते म्हणजे ज्यांचा नंबर यायचा आहे ते. वाचून झाले की माणूस प्रमाणपत्राच्या रांगेत पळतो, त्यामुळे शेवटच्याच्या वाट्याला फक्त सत्राध्यक्ष येतात, आणि त्यांचेही लक्ष कणकवलीच्या गाडीकडे. या गळतीत एका तरुण प्राध्यापिकेने डोरोथी वर्ड्सवर्थवर फार छान पेपर वाचला. १५ एप्रिल १८०२ रोजी अल्सवॉटर तलावाकाठी ती फुले बहीणभावांनी मिळून पाहिली. डोरोथीने डायरीत सगळे नीट टिपून ठेवले. दोनेक वर्षांनी भावाने कविता लिहिली, तेव्हा तिला गाळून स्वतःला एकटा करून टाकले. त्या सत्रातला हाच एक पेपर मला अजून आठवतो, माझा धरून.

सगळ्यात शेवटी टीएची खिडकी. एसटीचे भाडे ज्याचे त्याला मिळणार होते. आलो एका गाडीतून, पण अर्ज भरले चार, प्रत्येकाचा प्रवास स्वतंत्र. खिडकीमागच्या मालवणी कारकुनाने बाहेर उभ्या आमच्या गाडीकडे पाहिले, मग अर्जांकडे.

‘चारय जण एकटेच इलास?’

‘वर्ड्सवर्थसुद्धा एकटाच गेला होता,’ भाषाशास्त्राचे सर म्हणाले.

‘मगे तेंचा तिकीट खंय आसा?’