अपग्रेडराव

अपग्रेडराव तुमच्याही ऑफिसात असणारच, त्यामुळे चष्मा, डबा, गळ्यातलं ओळखपत्र वगैरे वर्णन सोडून देतो. हा माणूस तारीख सांगत नाही, व्हर्जन सांगतो, एवढं पुरे.

त्यांचं दैवत म्हणजे सिट्रिक्सचं सेशन रेकॉर्डिंग. बँकेतल्या नाहीतर विमा कंपनीतल्या माणसानं सर्व्हरवर काय उघडलं, कुठे क्लिक केलं, याचं चित्रण करून ठेवणारं सॉफ्टवेअर. त्याच्या व्हर्जनचा आकडा म्हणजे वर्ष आणि महिना. २२०३ म्हणजे मार्च २०२२. ही किल्ली हाती आल्यावर अपग्रेडराव ऐकतात होय! "आमच्या सोसायटीची लिफ्ट १८०८ ची." "सासूबाईंचा गुडघा २१०९ मध्ये बदलला. अजून एकही बग नाही."

नव्यानं लागलेल्या एका मुलीला ते म्हणाले, "आमच्या कन्येचं लग्न १९१२ चं."

तिनं हिशेब केला. "टायटॅनिक बुडालं त्या साली, सर?"

"अहो, डिसेंबर २०१९! एलटीएसआर आहे!"

एलटीएसआर म्हणजे लांब पल्ल्याची आवृत्ती, ५ वर्षं मेनस्ट्रीम सपोर्ट. १९१२ चा तो सपोर्ट डिसेंबर २०२४ मध्ये संपला. त्या दिवाळीपर्यंत जावईबापूंना दरवर्षी शर्टपीस मिळायचा, पुढच्या दिवाळीला नुसती मिठाई मिळाली. याउलट सीआर, म्हणजे चालू आवृत्ती. तिचं आयुष्य दीड वर्ष. नवे मॅनेजर आले तेव्हा अपग्रेडरावांनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "सीआर."

जेवताना ते रिलीज नोट्स वाचतात, तेही मोठ्यानं. आता पेनड्राइव्ह लावला की नोंद होते. फाइल उडवली की नोंद होते. ठरवलेली घटना घडली की ईमेल जातो, नाहीतर सेशनला सरळ कुलूप. चालू सेशन दुसरीकडे बसून बघता येतं. हे वाचताना ते मध्येच मान वर करून आमच्याकडे बघतात आणि आमचा घास घशात अडकतो.

अपग्रेडचा क्रम मात्र त्यांच्या लेखी वेदवाक्य. डेटाबेस वेगळ्या मशीनवर असेल तर आधी स्टोरेज मॅनेजर सर्व्हिस थांबवायची, मग डेटाबेस, मग सर्व्हर, त्यानंतर एजंट, प्लेअर शेवटी. ऑफिसातल्या सत्यनारायणाला गुरुजींनी आधी गणपतीपूजन घेतलं, तेव्हा मागून समाधानाचा हुंकार आला. "बरोबर. डेटाबेस आधी."

असा माणूस डोक्यात जातो. जायलाच हवा. पण एक प्रकरण सांगणं भाग आहे.

एका ग्राहकाच्या खात्यातून वारसाचं नाव गायब झालं आणि बोट गेलं कंत्राटी मुलीकडे. तिला काढायचं हे बैठकीआधीच ठरलं होतं. बैठक अपग्रेडरावांमुळे अडली. रेकॉर्डिंग बघायला कारण द्यावं लागतं, तेव्हा लेखी द्या म्हणाले. सगळे वैतागले, पण दिलं. प्लेअर ३२ पट वेगानं पळवता येतो. काहीच हालचाल नसलेला वेळ गाळूनही बघता येतं. त्यांनी यातलं काही केलं नाही, आख्खी दुपार साध्या वेगानं बघत बसले. मुलीनं खातं उघडलं तेव्हा नाव आधीच गेलेलं होतं. ते ज्या सेशनमधून गेलं, ते मॅनेजरसाहेबांचं निघालं. अपग्रेडरावांनी ३ ओळींचा अहवाल दिला. त्यात एकही विशेषण नव्हतं.

मुलगी राहिली. साहेब दीड वर्ष पुरं व्हायच्या आत दुसरीकडे गेले.

"त्या मुलीच्या रेकॉर्डिंगमध्ये आणखी काय काय होतं हो?" असं मी नंतर चहाला हळूच विचारलं.

"कारण लेखी देता?" एवढंच म्हणाले आणि बिस्किट बुडवलं.

कोण दिवसभर नोकरीच्या जाहिराती चाळतं, कोण कर्जाचे हप्ते मांडत बसतं, कोण राजीनामा लिहून पुन्हा खोडतं, हे त्या माणसाला कधी ना कधी दिसलेलं असणार. आमच्या ऑफिसात जिन्यावरची कुजबुज जेवणापर्यंत गच्चीवर पोचते, पण अपग्रेडरावांच्या तोंडून कुणाबद्दल कधी अवाक्षर निघालेलं नाही. म्हणूनच की काय, त्यांच्या टेबलाशी कुणी फारसं बसत नाही.

तेव्हा तुमच्या अपग्रेडरावांनी डाऊनटाइमसाठी शनिवारची रात्र मागितली, तर कटकट न करता द्या. आणि ते रजेवर असताना उत्साहाच्या भरात एजंट आधी चढवू नका. आधी डेटाबेस, मग सर्व्हर.