ही ओळ हलवू नये

मोठ्या सॉफ्टवेअर प्रकल्पाची बिल्ड सिस्टीम बदलायची ठरली की ऑफिसात पहिल्या दिवशी केक कापतात. त्यानंतर कुणी काही कापत नाही.

आमच्याकडेही कापला. कंपनी हिंजवडीतली, प्रकल्प विमा पॉलिसींच्या जावा सॉफ्टवेअरचा, आणि वय असं की टीममधली सगळ्यात नवी मुलगी शाळेत असताना त्याची पहिली आवृत्ती बाहेर पडलेली. बिल्ड मेव्हनवर चालायची, ती ग्रेडलवर न्यायची होती. का, तर 'बिल्ड फास्ट होईल.' आधीची बिल्ड सुरू केली की टपरीवर जाऊन कटिंग मारून, दोन राजकीय पक्षांचं भवितव्य ठरवून परत येता यायचं. टपरीवाल्याला या निर्णयात कुणी विचारलं नाही.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लिहिलेला कोड आणि त्याला लागणाऱ्या लायब्रऱ्या गोळा करून त्यातून चालणारं सॉफ्टवेअर बनवणं म्हणजे बिल्ड. हे काम करणारं एक आद्य अवजार म्हणजे मेक. ते स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये लिहिलं. त्यात आज्ञेच्या ओळीआधी टॅबच द्यावा लागतो, स्पेस दिली तर ते रुसतं. हे गैरसोयीचं आहे हे फेल्डमन यांच्या लवकरच लक्षात आलं होतं, पण तोवर डझनभर लोक मेक वापरू लागले होते. त्या डझनभरांना त्रास नको म्हणून त्यांनी ते तसंच ठेवलं, आणि त्या भिडेची किंमत बाकीचं जग आजतागायत मोजतंय. मेकला कंटाळून २००० मध्ये अँट आलं, मग मेव्हन, मग ग्रेडल. प्रत्येक नव्या अवजाराच्या मुळाशी आधीच्या अवजारावर वैतागलेला एक माणूस असतो. त्या वैतागातच आमचे मॅनेजरही सामील झाले होते, एवढंच.

सुरुवात झकास झाली. ग्रेडलमध्ये 'इनिट' नावाची आज्ञा आहे. ती मेव्हनची फाइल वाचून ग्रेडलची फाइल आपोआप लिहून देते. ती चालली, फाइल तयार झाली, मॅनेजरांनी मागे उभं राहून पाहिलं आणि म्हणाले, "झालं की!" 'झालं की' हे दोन शब्द मी या धंद्यात फार ऐकलेत. ज्याला ते म्हणतात, त्याचे पुढचे शनिवार-रविवार गेले म्हणून समजावं.

खरी गोम डिपेंडन्सींमध्ये, म्हणजे एका लायब्ररीला लागणाऱ्या दुसऱ्या लायब्रऱ्यांमध्ये. तुम्ही एक लायब्ररी मागता, पण पत्रिकेवर 'सहकुटुंब सहपरिवार' छापलेलं असतं. बोलावलेला मित्र एकच, पंगतीला त्याच्या मेहुण्याचा साडूसुद्धा. त्यात एकच लायब्ररी दोघातिघांबरोबर दोन वेगवेगळ्या आवृत्त्यांत येते, आणि पाट एकच असतो. बसवायचं कुणाला? मेव्हन म्हणतो, जो नात्यानं जवळचा तो. दोघं सारख्याच अंतरावर असतील तर यादीत ज्याचं नाव वर तो. ग्रेडल नातं बघत नाही. ज्याच्या आवृत्तीचा आकडा मोठा त्याला बसवतो. पाहुण्यांची यादी तीच, पण पाटावरचा माणूस बदलला.

एवढ्यानं काय होतं? आमचा सगळा कोड कंपाइल झाला, हिरवी टिकमार्क आली आणि सॉफ्टवेअर सुरू होताच पडलं. त्रुटी काय, तर 'नो सच मेथड'. म्हणजे जी मेथड आम्ही वर्षानुवर्षं बोलावत होतो ती अस्तित्वातच नाही. नव्या मुलीनं 'डिपेंडन्सी इनसाइट' चालवून बघितलं. एखादी लायब्ररी कुठून आली आणि तिची तीच आवृत्ती का निवडली, ते ही आज्ञा सांगते. तिनं स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"सर, आपण कॉमन्स-आयओची २.११ मागितलीये ना?"

"हो."

"यानं दोन कोटी तीस हजार दोनशे तीन दिलीये."

मला वाटलं ती थट्टा करतेय. नव्हती करत. फाइली वाचण्या-लिहिण्यासाठीची ही कॉमन्स-आयओ जावाच्या जगात जिथे-तिथे असते. तिच्या अगदी सुरुवातीच्या काळात कुणीतरी आवृत्तीच्या जागी तारीखच टाकून ती प्रसिद्ध केली होती: २००३०२०३.०००५५०. म्हणजे ३ फेब्रुवारी २००३. ती आजही मेव्हन सेंट्रल या जागतिक भांडारात तशीच पडून आहे, कारण तिथे एकदा ठेवलेलं सहसा काढत नाहीत. आमच्या एका जुन्या रिपोर्टिंग लायब्ररीला, जी फक्त सॉफ्टवेअर चालतानाच लागते, नेमकी हीच हवी होती. मेव्हनच्या राज्यात आमची २.११ जवळची, म्हणून तीच यायची. ग्रेडलनं आकडे पाहिले. एकीकडे दोन पूर्णांक अकरा, दुसरीकडे दोन कोटी. त्याच्या जागी कुणीही असता तरी त्यानं हेच केलं असतं! तर अशा रीतीनं २०२१ ची लायब्ररी बाहेर राहिली आणि तिच्याहून अठरा वर्षांनी म्हातारी नवीकोरी म्हणून आत आली.

उपाय एका ओळीचा: 'स्ट्रिक्टली' लिहून ग्रेडलला बजावायचं की बाबा, हीच आवृत्ती, दुसरी नको. पण अशा आणखी किती ठिकाणी अदलाबदल झाली असेल, हे कळायला एकच मार्ग. मेव्हननं निवडलेल्या सगळ्या जारची, म्हणजे लायब्रऱ्यांच्या फाइलींची, यादी काढायची, ग्रेडलची काढायची, दोन्ही अकारविल्हे लावायच्या आणि फरक बघायचा. आम्ही तेच केलं. मॅनेजरांनी त्याची एक्सेल मागितली. एक्सेलमध्ये 'ओनर' नावाचा रकाना होता. प्रत्येक लायब्ररीपुढे ती कुणी आणली त्याचं नाव लिहायचं. तो रकाना भरताना टीममध्ये अचानक सगळ्यांच्याच मीटिंगा लागल्या.

या तपासणीत मेव्हनची मुख्य फाइल मी पहिल्यांदाच वरपासून खालपर्यंत वाचली. मध्यावर एक टीप होती: 'ही ओळ हलवू नये. का ते विचारू नये.' खाली सही नाही, तारीख नाही. ओळ हलवून पाहिल्यावर का ते कळलं. सारख्या अंतरावरच्या दोन दावेदारांत वरचा जिंकतो हा मेव्हनचा नियम तिथे कुणीतरी वापरून घेतला होता, आणि आमचं अख्खं प्रीमियमचं गणित त्या ओळीच्या जागेवर उभं होतं. माझ्या मते मेव्हन आणि ग्रेडल, दोघांचेही नियम लहरीच आहेत. कुणाला का बसवलं ते विचारलं तर दोघंही सांगतात. पण मेव्हनला कुणी विचारलंच नव्हतं, कारण सगळं चालत होतं. आपल्याकडे चालणाऱ्या गोष्टीची चौकशी करणं अपशकुनी मानतात.

लॉगिंगबद्दल, म्हणजे सॉफ्टवेअर चालताना स्वतःच्या नोंदी लिहितं त्याबद्दल, फार बोलत नाही, रक्तदाब वाढतो. लॉगफोरजे आणि एसएलएफफोरजे या त्यासाठीच्या दोन लायब्रऱ्या. लॉगफोरजेचे संदेश एसएलएफफोरजेकडे वळवणारी एक जार आणि एसएलएफफोरजेचे संदेश लॉगफोरजेकडे वळवणारी दुसरी, अशा दोन्ही एकत्र आल्या तर संदेश या दोघींत अनंत काळ फिरत राहतो. हल्ली एसएलएफफोरजेच हे ओळखून आधीच हात वर करते. सरकारी कचेरीत ती सोय अजून आलेली नाही.

पण सगळ्यात जास्त काळ आम्हाला रडवलं ते एका पीडीएफच्या जारनं. ग्रेडल म्हणे, ही आवृत्ती कुठल्याच भांडारात नाही. मेव्हनला मात्र ती रोज मिळत होती. कुठून? तर मेव्हन उतरवलेल्या लायब्रऱ्या प्रत्येकाच्या लॅपटॉपवर 'डॉट एम-टू' नावाच्या फोल्डरमध्ये साठवतो. आमच्याकडे नवा माणूस आला की त्याला कुणीतरी म्हणायचं, "नेट स्लो आहे, माझं डॉट एम-टू पेनड्राइव्हवर घे." तेच फोल्डर असं पिढ्यानपिढ्या, लॅपटॉपवरून लॅपटॉपवर आणि शेवटी बिल्ड सर्व्हरवरही गेलं होतं. ग्रेडल मुद्दाम सांगितल्याशिवाय त्या फोल्डरकडे ढुंकूनही पाहत नाही. म्हणजे जी जार जगात कुठेच नव्हती, ती फक्त आमच्या पेनड्राइव्ह-परंपरेत जिवंत होती.

जार उघडली. आत मॅनिफेस्ट नावाची चिठ्ठी असते, तीत 'बिल्ट बाय' पुढे बनवणाऱ्याचं लॉगिन छापलेलं होतं. एका जुन्या सहकाऱ्यानं ते ओळखलं. गृहस्थ आता टोरांटोत. रात्री त्यांना व्हॉट्सअॅप केलं. उत्तर लगेच आलं: "अरे, ते अजून चालू आहे?" त्या आवाजी संदेशातला आनंद खरा होता. पुढे म्हणाले, "मी त्यात फक्त एक ओळ बदलली होती रे. कुठली ते आता आठवत नाही."

मग मूळ जार आणि त्यांची जार, दोन्ही उलगडून शेजारी शेजारी ठेवून बघत बसलो. सापडली. त्या लायब्ररीत कागदाचा आकार सांगितला नाही तर ती अमेरिकन लेटर धरायची, यांनी तिथे ए-फोर केलं होतं. लेटर ए-फोरपेक्षा रुंदीला जरा जास्त आणि उंचीला जवळपास पावणेदोन सेंटीमीटर कमी. तेव्हा पॉलिसीच्या पानावरची खालची सहीची जागा पुढच्या पानावर पळत असणार, आणि उद्या डिलिव्हरी असणार. तोच आकार आमच्या स्वतःच्या कोडमध्ये लायब्ररीला हात न लावता एका शब्दात सांगता येतो. आम्ही तो शब्द लिहिला, ती जार काढून टाकली आणि टोरांटोला कळवलं. त्यांनी रडका इमोजी पाठवला.

बिल्ड आता ग्रेडलवर आहे आणि खरंच फास्ट आहे. टपरीवर पोचेपर्यंत ती होऊन गेलेली असते. मेव्हनची फाइल मात्र रेपोमध्ये तशीच आहे, 'असू दे, लागली तर' या कारणासाठी.

तुमच्याही प्रकल्पात शेवटी 'न्यू' किंवा 'फायनल-टू' लिहिलेली एखादी जार असेलच. ती कुणी बनवली ते शोधा आणि त्यात काय बदललंय ते त्याच्याकडून लिहून घ्या. त्याचा नोटीस पिरियड सुरू असेल तर आजच घ्या. शेवटच्या दिवशी तो फक्त केक कापायला येतो.